भिंत आवाजाचे काय करते?



औरंगपुरा-गुलमंडीच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात बोललेले खणखणते, कापडाच्या दुकानात तेच विरते. ध्वनी पृष्ठभागावर आदळला की काही परत फिरतो, काही शोषला जातो. दगड, फरशी, काच, सिमेंटचा गिलावा असे कठीण, गुळगुळीत पृष्ठभाग नव्वद टक्क्यांहून अधिक ध्वनी परतवतात. मऊ, सच्छिद्र वस्तूंच्या बारीक पोकळ्यांत हवा घासली जाते आणि ध्वनीची ऊर्जा उष्णतेत बदलते. चुण्या घातलेला जाड पडदा साधारण निम्मा ध्वनी शोषतो.

वेरूळच्या दहाव्या लेण्याच्या छताला लाकडी कमानींसारख्या पट्ट्या कोरल्या आहेत, म्हणून त्याला 'सुताराची झोपडी' म्हणतात. डोळ्यांना लाकूड भासते, ध्वनीला मात्र दगडच भेटतो. तेथे एक स्वर बराच वेळ घुमत राहतो. याला निनाद म्हणतात. संथ पठणाला तो शोभतो, पण भराभर बोललेले शब्द त्यात एकमेकांत मिसळतात.

अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातील व्याख्यानगृहात १८९५ साली हीच अडचण आली. आवाज सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळे. वॉलेस सॅबिन यांनी जवळच्या नाट्यगृहातील गाद्या रात्री आणून मांडल्या. गाद्या वाढल्या तसा निनाद घटला. अंगावरचे कपडेही ध्वनी शोषतात. म्हणूनच रिकाम्या चर्चमध्ये घुमणारा आवाज रविवारी मंडळी जमली की स्पष्ट होतो.

हे आपल्या कामाशी जोडून पाहू. कन्नड-सोयगावच्या डोंगरातील भिल्ल मूल कुडाच्या भिंती आणि गवती छपराच्या घरातून आश्रमशाळेत येते. कुड आणि गवत ध्वनी शोषतात किंवा बाहेर जाऊ देतात. वर्गात मात्र सिमेंटच्या भिंती, शहाबादी फरशी आणि वर पत्रा असतो. घरी भिली बोलणाऱ्या मुलाला मराठी नवी असते. अर्धवट ऐकू आलेला शब्द ओळखीच्या भाषेत अंदाजाने भरून काढता येतो, नव्या भाषेत येत नाही. मूल गप्प बसते आणि आपण त्याला मंद ठरवतो.

उपाय स्वस्त आहे. मागच्या भिंतीवर जुन्या गोधड्या, जाड सतरंज्या भिंतीपासून थोडे अंतर ठेवून टांगाव्यात. पत्र्यावरचा पाऊस किंवा बाहेरचा गोंगाट त्याने थांबणार नाही, पण शिक्षकांचे शब्द सुटे ऐकू येतील. टांगण्याआधी आणि नंतर रिकाम्या वर्गात एक टाळी वाजवावी. फरक कानच सांगतील.

घरी पडून असलेली एखादी गोधडी अशा वर्गासाठी जरूर द्या.