चवळी, भेंडी, रताळे : अमेरिकेतील कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची पंगत

आपल्याकडे जत्रा, बारसे किंवा हळदीचे जेवण असले की चुलीवर मोठे पातेले चढते. भावकी जमते आणि शेतात जे पिकले असेल तेच पानात येते. अमेरिकेच्या दक्षिण भागातील अलाबामा, मिसिसिपी, जॉर्जिया, कॅरोलायना या राज्यांतील कृष्णवर्णीय कुटुंबेही अशीच जमतात. शिकागो, डेट्रॉईट अशा शहरांत पांगलेली भावंडे, चुलते, आत्या बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या मूळ गावी येतात. त्या दिवशीच्या जेवणाला तिकडे 'सोल फूड' म्हणतात. हे नाव १९६० नंतर रूढ झाले, पण जेवण त्याहून पुष्कळ जुने आहे. या लेखात त्यातील चार पदार्थांची कृती पंचवीस माणसांच्या मापाने दिली आहे. त्यांना लागणारी बहुतेक पिके आपल्या शेतात असल्यामुळे ते येथेही करता येतील.

गुलामगिरीच्या शिध्यातून आलेले जेवण

पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांबरोबर त्यांची पिकेही अमेरिकेत गेली. चवळी, भेंडी, कलिंगड आणि ज्वारी ही सगळी मूळची आफ्रिकेतील पिके. भेंडीच्या रश्शाला लुईझियानात 'गंबो' म्हणतात. भेंडीच्या एका आफ्रिकी नावावरून हा शब्द आला. कापूस आणि तंबाखूच्या मळ्यांवर मोठ्या माणसाला आठवड्याला साधारण पाच-सहा किलो मक्याचे पीठ आणि दीड किलोच्या आसपास खारवलेले डुकराचे मांस मिळे. मांसाचे चांगले भाग मालकाच्या घरी जात आणि पाय, मानेची हाडे, चरबी मजुरांच्या वाट्याला येत. झोपडीमागच्या तुकड्यात जी चवळी, रताळी आणि पालेभाजी लावता येई, तिच्यावरच घराचे पोषण अवलंबून असे.

पालेभाजी आणि चवळी जेवणातून गेली की काय होते, हे पुढे साऱ्या जगाने पाहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिणेत कापूस अगदी दारापर्यंत लावला जाऊ लागला. वाटेकऱ्याच्या घरी मक्याचे पीठ, चरबी आणि काकवी एवढेच उरले. त्यातून पेलाग्रा हा रोग पसरला. अंगाचा उन्हात उघडा राहणारा भाग काळा पडून सोलणे, हगवण आणि शेवटी बुद्धिभ्रंश अशी त्याची लक्षणे. १९०६ ते १९४० या काळात सुमारे ३० लाख लोकांना हा रोग झाला व एक लाखाच्या आसपास दगावले, असा अंदाज दिला जातो. हा जंतूंचा रोग नसून जेवणातील उणिवेचा आहे, हे डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ पासूनच्या कामातून दाखवले. नायसिन हे जीवनसत्त्व त्यावरचा उपाय आहे, हे १९३७ मध्ये सिद्ध झाले.

ही गोष्ट परकी समजू नये. १९६० च्या सुमारास हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी दख्खनच्या पठारावरील, मुख्यतः ज्वारीवर जगणाऱ्या गरीब मजुरांमध्ये हाच रोग नोंदवला होता. भाकरी ज्वारीची असो की मक्याची, तिच्याबरोबर कडधान्य, शेंगदाणा आणि पालेभाजी असलीच पाहिजे.

टस्कीगीच्या संस्थेतील जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी नेमके हेच सांगितले. वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' हे १९८१ चे पुस्तक आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. कार्व्हर १८९६ मध्ये अलाबामात आले तेव्हा कापसाखाली जमिनी निकस झालेल्या होत्या. त्यांनी कापसाच्या फेरपालटात चवळी व भुईमूग घ्यायला सांगितले, आणि पिकवलेले खायचे कसे याच्याही पुस्तिका काढल्या. भुईमूग कसा घ्यावा व त्याचे १०५ पदार्थ कसे करावेत ही त्यांची पुस्तिका १९१६ ची आहे. १९०६ मध्ये टस्कीगीहून घोडागाडीवरची फिरती शेतीशाळा निघाली. ती चालवणारे टॉमस कॅम्पबेल हे तेथील पहिले कृष्णवर्णीय विस्तार कार्यकर्ते. आज आपण ज्याला कृषी विस्तार म्हणतो त्याच्या मुळाशी अशीही एक घोडागाडी आहे, हे सांगताना आम्हाला थोडा अभिमान वाटतो.

चवळी-भात

नववर्षाच्या दिवशी कृष्णवर्णीयांच्या घरी चवळी-भात, पालेभाजी आणि मक्याची भाकर हवीच. चवळी म्हणजे नाणी, हिरवी पाने म्हणजे नोटा आणि भाकर म्हणजे सोने, असा संकेत आहे.

साहित्य : काळ्या डोळ्याची चवळी १ किलो, तांदूळ दीड किलो, कांदे अर्धा किलो, ढोबळी मिरची पाव किलो, लसणाचे दोन गड्डे, तेल १५० ग्रॅम, लाल मिरची चवीप्रमाणे, तमालपत्राची ४-५ पाने, मीठ ४० ग्रॅम.

चवळी निवडून सहा ते आठ तास भिजत घालावी. जुनी आणि नवी चवळी एका पातेल्यात एकत्र करू नये. नवी शिजून फुटते तरी जुनी टणकच राहते. भिजवलेले पाणी टाकून द्यावे व ताज्या पाण्यात मंद आचेवर शिजवावे. शिजताना टोमॅटो, चिंच किंवा व्हिनेगर घालू नये, आंबटाने दाणा लवकर मऊ होत नाही. लवकर शिजावी म्हणून खाण्याचा सोडाही टाकू नये, त्याने 'ब' जीवनसत्त्वाचा नाश होतो. दाणा बोटाने दाबला जाईल पण अखंड राहील इतपत शिजला की चवळी उपसून घ्यावी आणि तिचे पाणी जपून ठेवावे. तेलात कांदा, मिरची व लसूण परतून त्यावर धुतलेला तांदूळ परतावा. मग तांदळाच्या मापाच्या दुप्पट चवळीचे पाणी, मीठ व तमालपत्र घालावे. भात अर्धा शिजला की चवळी मिसळून झाकण घालावे.

मूळ कृतीत डुकराच्या पायाचा धुरावलेला तुकडा असतो. त्यात मीठ व चरबी फार. तिकडे कृष्णवर्णीय समाजात उच्च रक्तदाबाचे प्रमाण मोठे असल्याने आता पुष्कळ घरांत त्याऐवजी टर्कीची धुरावलेली मान घालतात. आपल्याकडे फक्त धुराचा वास हवा असेल तर पेटता कोळसा वाटीत ठेवून त्यावर चमचाभर तूप सोडावे व पातेले पाच मिनिटे झाकावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे माणसाला दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ पुरे. वरील मापात या एका पदार्थातूनच माणशी दीड ग्रॅमहून अधिक जाते. म्हणून पानात वाढायला मीठ ठेवू नये हे उत्तम.

कोलार्डची भाजी आणि तिचे पाणी

कोलार्ड म्हणजे गड्डा न धरणारी कोबी. काश्मिरातील 'हाक' हीच भाजी. आपल्याकडे नवलकोलाची व फुलकोबीची कोवळी पाने वापरावीत, जोडीला मोहरीची किंवा मुळ्याची पाने. एरवी फुलकोबीची पाने आपण बांधावर किंवा गोठ्यात टाकतो, त्यांचा हा चांगला उपयोग आहे. मात्र शेवटच्या फवारणीनंतरचा काढणीपूर्व काळ पाळलेला असावा.

पाच किलो पाने घ्यावीत. ढीग मोठा दिसतो, पण शिजून फार आटतो. जाड देठ काढून पाने तीन पाण्यांत धुवावीत, नाहीतर दाताखाली माती येते. पाने गुंडाळून बोटभर रुंद चिरावीत. कांदा-लसूण परतून पाने, थोडे पाणी व लाल मिरची घालून झाकून शिजवावीत. तिकडे जुन्या बायका ही भाजी दोन-दोन तास शिजवत. कोवळ्या पानांना ३० ते ४५ मिनिटे पुरतात. शेवटी हिरवी मिरची मुरवलेले व्हिनेगर किंवा लिंबू पिळावे.

खाली उरलेल्या पाण्याला तिकडे 'पॉट लिकर' म्हणतात. पानांतील विरघळणारी जीवनसत्त्वे व क्षार त्यातच उतरतात. ते वाटीत घेऊन मक्याची भाकर त्यात बुडवून खातात. हे पाणी फेकू नये.

मक्याची भाकर

भाकर म्हटले तरी ही थापायची नाही, ओतायची आहे. १० इंची लोखंडी तव्याला किंवा पसरट कढईला पुढील माप लागते : मक्याचे रवाळ पीठ ३०० ग्रॅम, घट्ट आंबट ताक पाऊण ते एक लिटरच्या अर्धे, अंडी २, खाण्याचा सोडा १ लहान चमचा, मीठ पाऊण चमचा, तेल किंवा लोणी ६० ग्रॅम. एका कढईचे आठ तुकडे होतात, म्हणून पंचवीस जणांना तीन ते चार कढया कराव्यात.

आधी रिकामी कढई तेल घालून चांगली तापवावी. पीठ व ताक त्यानंतरच एकत्र करावे, कारण ताकाची आंबटी आणि सोडा भेटताच पीठ फुगू लागते, ते थांबवून ठेवता येत नाही. तापल्या तेलात पीठ ओतताना चर्र आवाज आला पाहिजे, खालचा खरपूस पापुद्रा त्यानेच धरतो. भट्टी नसल्यास झाकणावर निखारे ठेवावेत. त्या झोपड्यांतही असेच करीत. वीस-पंचवीस मिनिटांनी सुई टोचून पाहावी, कोरडी निघाली की झाले. यात साखर घालावी की नाही, यावर तिकडच्या घराघरांत वाद आहे. आमच्या मते घालू नये, गोड पुढे आहेच.

गुळातील रताळी

अमेरिकेत केशरी रताळ्याला 'याम' म्हणतात, परंतु खरा याम म्हणजे आपले कोनफळ. आफ्रिकेतून आलेल्यांना तो कंद परक्या मुलखात मिळाला नाही, रताळे मिळाले. आपल्याकडे केशरी गराचे 'भू सोना' हे वाण तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेचे आहे. केशरी गरात 'अ' जीवनसत्त्वाचा पूर्वघटक भरपूर असतो.

रताळी ५ किलो सालीसकट उकडून सोलावीत व जाड चकत्या कराव्यात. गूळ अर्धा किलो थोड्या पाण्यात वितळवून गाळावा, त्यात लोणी १५० ग्रॅम, दोन संत्र्यांचा रस, जायफळ व दालचिनी घालावी. चकत्या पसरट भांड्यात लावून पाक ओतावा व मंद आचेवर पाक चिकट होईपर्यंत ठेवावे. तिकडे गुळाच्या जागी गोड ज्वारीची काकवी वापरतात. ज्वारीची धाटे चरकात पिळून दहा भाग रस आटवला की जेमतेम एक भाग काकवी मिळते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने 'मधुरा' ही गोड ज्वारी व तिची काकवी यांवर काम केले आहे.

रताळी काढल्याबरोबर शिजवली तर कमी गोड लागतात. काढणीनंतर ३० अंश सेल्सिअसच्या आसपास, दमट व हवेशीर जागी चार ते सात दिवस ठेवावीत. जखमा भरतात, गोडी वाढते आणि रताळी टिकतात. कच्ची रताळी शीतकपाटात ठेवू नयेत. १२ अंशांखाली त्यांचा गाभा शिजवूनही कडकच राहतो.

जमिनीविषयी थोडेसे

१९२० मध्ये अमेरिकेत कृष्णवर्णीय शेतकरी सुमारे ९ लाख २५ हजार होते. आज ते ५० हजारांहून कमी आहेत. कर्ज नाकारणे, दहशत, शहराकडे जाणे ही कारणे आहेतच. आणखी एक कारण आपल्या ओळखीचे आहे. आजोबा मृत्युपत्र न करता गेले, जमीन साऱ्या वारसांच्या सामाईक नावावर राहिली. मग दूरच्या एखाद्या वारसाने आपला हिस्सा परक्याला विकला, त्याने वाटपासाठी न्यायालय गाठले आणि सगळ्या जमिनीचा लिलाव झाला. अशा रीतीने पुष्कळ शेते गेली. म्हणून भावकी जमली की जेवणाआधी वारसांची यादी व कागद पुढे ठेवावेत, असा आग्रह तिकडचे जाणते लोक धरतात. आपल्या सातबाऱ्यावर मयतांची नावे अजून असतील तर वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे जाण्याचा दिवसही अशा जेवणातच ठरवता येईल.

पंगतीच्या दिवशी

आदल्या रात्री चवळी भिजत घालावी, रताळी उकडावीत, पाने धुऊन ओल्या फडक्यात ठेवावीत. भाकर मात्र पंगत बसताना करावी. शिजलेले अन्न गरम ठेवायचे तर ६० अंशांच्या वर राहिले पाहिजे, म्हणजे वाफ निघत असावी. उन्हाळ्यात शिजलेले अन्न उघड्यावर तासाभराहून अधिक ठेवू नये, एरवी दोन तास. मोठ्या पातेल्यातील चवळी-भात तसाच झाकून ठेवला तर मध्यभाग रात्रभर कोमट राहतो. भातातील जंतू त्यातच वाढतात आणि पुन्हा गरम केल्यानेही त्यांचे विष जात नाही. पंगत उठल्यावर उरलेला भात लगेच चार बोटांहून कमी उंचीच्या थरात परातींत पसरून निववावा व शीतकपाटात ठेवावा. ती सोय नसेल तर त्याच दिवशी शेजारीपाजारी वाटून टाकावा.