चालताबोलता इतिहास कसा पाहावा?

इतिहास पाहावयाचा म्हणजे रायगड, अजिंठा किंवा ताजमहाल गाठावयाचा, अशी आपली समजूत असते. परंतु काही इतिहास दगडांत नसतो. तो माणसांच्या हातांत, गळ्यांत व आठवणींत असतो. त्यास चालताबोलता इतिहास म्हणावे. स्वीडनमध्ये आर्थर हाझेलिउस ह्या गृहस्थांनी १८९१ साली स्टॉकहोम येथे ‘स्कान्सेन’ हे उघड्यावरील संग्रहालय सुरू केले. खेड्यापाड्यांतील जुनी घरे तेथे आणून उभारली आहेत, व जुन्या वेषातील माणसे जुनी कामे करून दाखवितात. आपल्या दादरा व नगर हवेलीत असा इतिहास मुद्दाम मांडावा लागत नाही. तो अजून नांदता आहे. सभासदांनी मुलाबाळांसह तो पुढील क्रमाने पाहावा.

पहिला पाठ सिल्वासा शहरातील आदिवासी संग्रहालयाचा. येथे मुखवटे, वाद्ये व मासेमारीची साधने ठेविली आहेत. वाद्यांपाशी थांबून मुलांना तारप्याची घडण समजावून द्यावी. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाची पाने आणि मेण, एवढ्या सामग्रीतून हे वाद्य तयार होते. मात्र कपाटातील तारपा मुका असतो, हेही सांगावे.

दुसरा पाठ खानवेलच्या बाजूच्या पाड्यांचा. पिके हाती आली की तारपेवाल्याभोवती फेर धरला जातो. त्याची चाल बदलली की नाचणाऱ्यांची पावले बदलतात. वारल्यांच्या लग्नघरी सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात, आणि धवलेरी गाणी म्हणून लग्न लावते. हा तमाशा नव्हे, त्यांचे धर्मकार्य होय. म्हणून बोलावल्यावाचून जाऊ नये, विचारल्यावाचून छायाचित्र घेऊ नये, पैसे पुढे करून अवेळी नाच मागू नये. वाद्य किंवा चित्र घ्यावयाचे तर करणाऱ्याच्याच हातून, योग्य मोल देऊन घ्यावे. मुलगा कारखान्याच्या पाळीवर जाऊ लागला की बापाजवळ बसून तारपा शिकावयास त्याला सवड उरत नाही, आणि शिकणारा नसला तर विद्या एका पिढीत संपते.

तिसरा पाठ आठवणींचा. १७७९ च्या तहात पेशव्यांनी पोर्तुगीजांना बारा हजार रुपये महसुलाची गावे देण्याचे कबूल केले. १७८३ ते १७८५ च्या दरम्यान ही गावे त्यांच्याकडे गेली. मराठ्यांनी दिला होता तो केवळ महसूल, राज्याधिकार नव्हे, असे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९६० साली नमूद केले. तत्पूर्वीच, २२ जुलै १९५४ रोजी दादरा व २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले होते. पुढे सात वर्षे वरिष्ठ पंचायतीने कारभार पाहिला, आणि ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा प्रदेश भारतात विलीन झाला. तारखा पुस्तकात मिळतील. पण त्या दिवसांत घरात काय बोलले गेले, बाजार उघडा होता की बंद, हे सांगणारी त्या वेळची मुले आज ऐंशीच्या आसपास किंवा पुढे आहेत.

पालकांस विनंती की, येत्या सुट्टीत प्रत्येक मुलाने अशा एका वृद्धाजवळ बसून तीन प्रश्न विचारावेत: तेव्हा आपण कोठे होता? काय पाहिले? आता कोणती गोष्ट दिसेनाशी झाली? उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहून खाली गाव व तारीख घालावी. ती वही घरात जपून ठेवावी.