विमापत्रावर नाव कोणाचे?

लग्नात केतुबा वाचली जाते तेव्हा आपले अर्धे लक्ष जेवणाकडे असते. पण त्या कागदात लिहिलेले असते की, नवऱ्याच्या पश्चात बायकोला अमुक रक्कम मिळावी आणि तिच्यासाठी त्याची मालमत्ता बांधलेली राहावी. आयुष्याचा विमा याच जातीचा करार आहे. फरक इतकाच की, येथे रक्कम देण्याची हमी कंपनी घेते व आपण तिला हप्ता भरतो.

नुसत्या मृत्यूच्या विम्यात मुदत सुखरूप संपली तर काही परत मिळत नाही. पुष्कळांना हा पैसा पाण्यात गेला असे वाटते. आम्हांला तसे वाटत नाही. पाऊस पडला नाही म्हणून छत्रीचे पैसे कोणी परत मागत नाही! मुदतीअंती रक्कम परत देणारा विमाही असतो, मात्र तेवढ्याच हप्त्यात त्याचे संरक्षण पुष्कळ कमी मिळते.

"आमचा विमा बँकेत आहे," असे आपले लोक सांगतात. तो मश्कांताचा विमा. घरमालक वारला तर त्यातून बँकेचे उरलेले कर्ज फिटते, घर मोकळे होते. पण चूल पेटवायला त्यातून सहसा काही उरत नाही. बितुआह लेउमीकडून विधवेला व मुलांना नियमाप्रमाणे भत्ता मिळतो, तथापि तो पगाराची जागा घेऊ शकत नाही.

अर्ज भरताना साखर, रक्तदाब, सिगारेट, काही लपवू नये.

आता मुख्य गोष्ट. विमापत्रावर ज्याचे नाव 'मुताव' म्हणून असते, रक्कम त्याला मिळते. इस्राएलच्या 1965 च्या वारसा कायद्याप्रमाणे विम्याची रक्कम सामान्यतः वारशाच्या मालमत्तेत धरली जात नाही. म्हणून मृत्युपत्रात नाव बदलून थांबू नये, कंपनीलाही लेखी कळवावे. लग्नाआधी आईचे नाव घातले आणि पुढे चाळीस वर्षे तो कागद उघडला नाही, अशी घरे आपल्यात थोडी नाहीत.

भारतातून येताना आणलेली आयुर्विमा महामंडळाची विमापत्रेही अनेकांकडे आहेत. हप्ते थांबले म्हणजे सगळे बुडाले असे समजू नये. जुन्या बचतीच्या विमापत्रांत बहुधा तीन वर्षांचे हप्ते भरलेले असले की कमी रकमेचा विमा चालू राहतो. तेथे पूर्वी नामनिर्देशित व्यक्ती पैसे केवळ वारसांच्या वतीने स्वीकारी. 2015 च्या दुरुस्तीपासून आईवडील, पतिपत्नी किंवा मुले यांचे नाव असल्यास, पुढे देय होणाऱ्या विमापत्राची रक्कम त्यांचीच होते. नाव दिलेले माणूस आधीच वारले असेल तर वारसा सिद्ध करण्यात महिने जातात.

त्यात आपली नावे! तिकडे सॅम्युअल, इकडे श्मुएल. तिकडे बापाचे नाव मध्ये व शेवटी गावाचे 'कर', इकडे दोन्ही गायब. दोन्ही नावांचा माणूस एकच, हा दाखला हयातीतच करून विमापत्राला जोडून ठेवावा. मागे राहिलेल्या बाईला तो मिळवणे फार जड जाते.

इस्राएलमधले आपले विमे सरकारच्या 'हर हाबितुआह' या सेवेत ओळख पटवून फुकट पाहता येतात. भारतातले तेथे दिसत नाहीत. ते जुन्या ट्रंकेतच शोधावे लागतात.