बर्फांत सोडलेलें जहाज

परीक्षेचा पेपर देऊन आलेला मुलगा शाळेच्या फाटकाशींच उभा राहून एकेक उत्तर पुन्हां ताडून पाहतो, आणि घरीं त्याचे वडील त्याच्याहूनही बेचैन असतात, हें दृश्य आम्ही दरवर्षीं पाहतों. विद्यार्थिमित्रहो, अशा वेळीं आम्हांस एका जहाजाची आठवण होते.

इ. स. १८८१ मध्यें 'जीनेट' हें अमेरिकन जहाज सैबेरियाच्या उत्तरेस बर्फानें चिरडून बुडालें. तीन वर्षांनीं त्यावरील वस्तु दूर ग्रीनलंडच्या किनाऱ्यास लागलेल्या आढळल्या. इतरांस त्यांत बर्फाचा क्रूरपणा दिसला. नॉर्वेचे शास्त्रज्ञ फ्रिट्यॉफ नान्सेन यांस दिसलें तें निराळेंच. बर्फ वाहतो, मग त्याच्याशीं झुंजण्यापेक्षां त्याच्याच स्वाधीन कां होऊं नये? कांहीं नामांकित ध्रुवप्रवाशांनीं हा बेत आत्मघातकी ठरविला.

नान्सेन यांनीं मात्र कॉलिन आर्चर यांजकडून 'फ्राम' नांवाचें जहाज बांधवून घेतलें. बाजू दोन फुटांहून जाड, तळ गोलट व गुळगुळीत. हेतु हा कीं, बर्फानें आवळतांच ओला चिंचोका चिमटींतून निसटावा तसें जहाज वर उचललें जावें. पांच वर्षांचें अन्न, ग्रंथ, दिव्यांकरितां पवनचक्की, सर्व कांहीं बरोबर घेतलें. येथवरची काळजी अवश्यच होती, आणि ती त्यांनीं यथासांग वाहिली.

सप्टेंबर १८९३ मध्यें तेरा माणसांसह जहाज बर्फांत थिजलें. तेव्हां त्यांनीं सुकाणू वर ओढून घेतलें. पालकहो, मुलाचा पेपर परीक्षकाच्या हातीं गेला म्हणजे आपलीही हीच वेळ नव्हे काय?

हें सोपें नव्हतें. जहाज कधीं उत्तरेस सरके, कधीं मागें येई. १९ नोव्हेंबरास पाहावें तों बर्फांत शिरलें त्या ठिकाणाच्याही दक्षिणेस! नान्सेन अतिशय कष्टी होत. तरी हातचीं कामें चाललींच होतीं. समुद्र उथळ असेल या समजुतीनें नेलेली दोरी तळास पोंचेना, म्हणून जहाजावरील पोलादी तारांचा दोर उकलून त्यांनीं लांब दोरी केली, आणि खोली दहा हजार फुटांहून अधिक निघाली! उत्तरध्रुवाभोंवतीं खोल महासागर आहे, हें या रिकाम्या दिसणाऱ्या दिवसांनींच जगास सांगितलें.

जहाज ध्रुवाच्या बाजूनें निघून जाणार, हें दिसूं लागल्यावर मार्च १८९५ मध्यें नान्सेन एका सोबत्यासह, कुत्र्यांच्या गाड्या घेऊन, पायींच निघाले. कोणी यास उतावीळपणा म्हणतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. ८६ अंश १४ कलांपर्यंत जाऊन, पुढें बर्फ दुस्तर झाल्यावर तेथून परत फिरण्याचें धैर्यही त्यांनीं दाखविलें. ऑगस्ट १८९६ मध्यें ते नॉर्वेस पोंचले, आणि त्याच महिन्यांत बर्फानें 'फ्राम' सोडून दिलें. तेराही जण जिवंत घरीं आले.