नववीचं वर्ष हातचं सोडू नका

दहावीचा निकाल लागला की भिवंडीतले पालक एकच प्रश्न घेऊन येतात: आता याला कुठे घालू? आईच्या हातात गुणपत्रिकेची झेरॉक्स असते आणि मुलगा तिच्यामागे मान खाली घालून उभा असतो. मी आधी नववीचं प्रगतिपुस्तक मागतो. ते सहसा कुणी आणलेलं नसतं. नववीला विचारतंय कोण, असं आईच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं.

माझ्या अनुभवात आपल्या शहरातल्या मुलाचं शिक्षण तुटतं ते आठवी आणि नववीच्या सांध्यावर. दहावीच्या निकालात आपल्याला ते फक्त दिसतं. महापालिकेच्या बऱ्याच शाळा सातवी-आठवीला थांबतात. सक्तीच्या आणि मोफत शिक्षणाचा कायदाही चौदाव्या वर्षापर्यंतच साथ देतो. मग शाळा सोडल्याचा दाखला घेऊन नवी शाळा शोधायची, तिथे नवे शिक्षक आणि रोजचं रिक्षाचं भाडं. मुलगी असेल तर रस्त्यावरच्या ट्रक-टेम्पोंच्या वर्दळीची धास्ती, आणि घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘एवढं शिकली, पुरे झालं.’ मुलगा सुट्टीपुरता म्हणून लूमवर कांड्या भरायला जातो. पहिला पगार घरात आला की जून कधी उलटला ते कळत नाही. म्हणून आठवीतल्या मुलाच्या पालकांना माझी विनंती आहे: पुढची शाळा मार्चमध्येच बघून ठेवा आणि दाखला हातात पडल्यापासून आठ दिवसांत प्रवेश करून टाका.

आता अभ्यासाचं. आठवीपर्यंत गणिताचं एकच पुस्तक असतं. नववीत दोन होतात, भाग एक बीजगणिताचा आणि भाग दोन भूमितीचा. बालभारतीची नववी आणि दहावीची पुस्तकं शेजारी ठेवून अनुक्रमणिका वाचा. दहावीच्या भाग एकमध्ये सहा प्रकरणं आहेत. त्यांतली दोन चलांतील रेषीय समीकरणे, अर्थनियोजन आणि सांख्यिकी ही तीन याच नावांनी नववीत येऊन गेलेली असतात. भूमितीत वर्तुळ, निर्देशक भूमिती आणि त्रिकोणमितीचं तेच. नववीत हे नीट झालेलं मूल दहावीत अर्धी वाट चालून आलेलं असतं. ज्याचं झालेलं नाही, त्याला दहावीच्या महागड्या क्लासमध्ये दोन वर्षांचा अभ्यास एका वर्षात कोंबावा लागतो, आणि मग फी भरूनही गुण का नाहीत म्हणून घरात भांडणं होतात. क्लासच्या फीआधी नववीच्या सुट्टीतला एक महिना या सहा प्रकरणांना द्या. पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात.

‘घरात जागाच नाही, अभ्यास करणार कुठे?’ हे मला रोज ऐकावं लागतं, आणि ते खरं असतं. दहा बाय दहाच्या खोलीत वडील रात्रपाळी करून दिवसा झोपलेले, भिंतीपलीकडे लूमची खटखट. अशा घरातल्या मुलाला आळशी म्हणू नका. वडिलांची पाळी बदलली की त्याच्या अभ्यासाची वेळही बदलू द्या. शाळा सुटल्यावर एखादा वर्ग तासभर उघडा ठेवाल का, असं मुख्याध्यापकांना चार पालकांनी मिळून विचारा. एकट्याने विचारलं तर कदाचित नाही म्हणतील. चौघांना नाही म्हणणं अवघड जातं.

पैशांची एक गोष्ट शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठीच आहे, तरी ती अनेक घरांना माहीतच नसते. आठवीत असताना एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा देता येते. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. बौद्धिक क्षमतेचे 90 आणि शालेय विषयांचे 90 प्रश्न असतात. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये, म्हणजे चार वर्षांत 48,000. ती चालू राहायला मात्र नववीतून पहिल्याच फटक्यात दहावीत जावं लागतं. अर्ज शाळेमार्फत जातो. तेव्हा जुलै-ऑगस्टपासूनच शिक्षकांच्या मागे लागा, आणि उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून वेळेत काढून ठेवा.

नावाचंही सांगतो. आपल्या शहरात मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू, गुजराती बोलणारी घरं शेजारीशेजारी राहतात. एकच नाव जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये तिसरं असं लिहिलेलं मी कितीदा पाहिलंय. मूल शाळेत आहे तोवर मुख्याध्यापकांकडे अर्ज करून नाव किंवा जन्मतारीख दुरुस्त करता येते. एकदा का बोर्डाच्या प्रमाणपत्रावर चूक छापली गेली, की तीच चूक निस्तरायला कितीतरी हेलपाटे पडतात. जातीचा दाखलाही असाच, आधीच मागे लागण्याचा.

आता ‘कुठे घालू’ या प्रश्नाकडे येऊ. सायन्स म्हणजे हुशार आणि आयटीआय म्हणजे वाया गेलेला, ही समजूत मनातून काढून टाका. दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड पूर्ण केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि डिप्लोमा झालेल्याला इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. वायरमन, वेल्डरसारखे काही ट्रेड तर दहावी नापास मुलांनाही खुले आहेत. दहावीत एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीत बसता येतं आणि पुरवणी परीक्षेत ते विषय सोडवता येतात. निकालाच्या दिवशी मुलाला बोलण्याआधी एवढं तरी आठवा.

मला सर्वांत जास्त हळहळ वाटते ती कापडाबद्दल. ताणा-बाणा, बीम, सायझिंग हे शब्द आपली मुलं बोबडं बोलताना ऐकतात, पण टेक्स्टाइलचं शिक्षण घ्यायला त्यांतली फार थोडी जातात. मुंबईत माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये आणि इचलकरंजीच्या डीकेटीईमध्ये टेक्स्टाइल शिकवलं जातं. बापाने आयुष्यभर जुना लूम चालवला, तर मुलीने शटललेस लूमची देखभाल, कापडाची चाचणी किंवा डिझाइन का शिकू नये? मुलींच्या बाबतीत फीचं कारणही आता पूर्वीसारखं उरलेलं नाही. 2024-25 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क राज्य सरकार भरतं.

मानकोली, दापोडे, पूर्णा, वळ इकडची गोदामं हा दुसरा मोठा रोजगार. मुंबई-ठाण्याच्या जकातीच्या हद्दीबाहेर आणि नाशिक महामार्गालगत असल्यामुळे ती इथे आली. 2017 मध्ये जीएसटी आल्यावर आणखी वाढली. अठराव्या वर्षी पॅकिंगचं काम लगेच मिळतं, आणि तोच त्यातला धोका आहे, कारण कंत्राटावर दहा वर्षं खोकी उचलूनही माणूस खोकीच उचलत राहतो. तिथे स्टॉकचा हिशेब, ई-वे बिल, जीएसटी कळणाऱ्या कॉमर्सच्या मुलाला वर चढायला वाट आहे. गोदामात जायचंच असेल तर बी.कॉम. सोडून जाऊ नका. बीएनएन कॉलेज गावातच आहे.

माध्यमाचा प्रश्न अकरावी सायन्सला येतो. उर्दू किंवा मराठीतून आलेलं मूल पहिल्या महिन्यात गांगरतं, कारण त्याला येत असलेलीच गोष्ट आता इंग्रजीत समोर येते. नववीपासून विज्ञानाच्या प्रत्येक धड्यातले दहा शब्द दोन्ही भाषांत एका वहीत लिहायला लावा. मुलाला रोज दहा मिनिटं लागतात. आईला लिहिता-वाचता येत नसलं तरी चालेल. तिने रात्री फक्त वही उघडायला लावायची आणि आजचे शब्द मोठ्याने वाच म्हणायचं.