पाठीचा कणा जपा

गडी आंब्यावरून पडला. पाय हलेनात. पोरे धावली. एकाने खांदे धरले, दुसऱ्याने पाय.

आजी ओरडली, "थांबा रे! असं उचलू नका!"

आजीचे खरे होते. पाठीच्या कण्यात मऊ दोरी असते. तिला मज्जारज्जू म्हणतात. मेंदूचा निरोप ती हातापायांना पोचवते. कणा मोडलेल्या माणसाला वाकवले, तर ही दोरी आणखी दुखावते. म्हणून मान, पाठ सरळ राहू द्या. १०८ नंबरला फोन करा. गाडी फुकट येते. हलवावेच लागले, तर चौघांनी एकदम उचलून सपाट फळीवर ठेवा.

गडी इस्पितळातून घरी आला. पाय बधिर. एके जागी निजून कातडी दबते. दुखत नाही, म्हणून कळत नाही. जखम हाडापर्यंत जाते. यासाठी दर दोन तासांनी कूस बदला. पाठ, ढुंगण, टाचा रोज पाहा. कातडी लाल दिसली, तर तिथे भार देऊ नका. लघवी तुंबू देऊ नका. ताप आला, लघवी गढूळ झाली, तर लगेच डॉक्टरला दाखवा.

पूर्वी असे रोगी फार दिवस जगत नसत. १९४४ साली इंग्लंडात डॉक्टर लुडविग गुटमन यांनी अशीच काळजी घेतली. रोगी जगले. १९४८ साली चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी तिरंदाजी केली!

गड्याला खुर्ची मिळाली. पण दवाखान्याला चार पायऱ्या. तो दारातच अडला. पायऱ्यांशेजारी उतार हवा. २०१६ च्या कायद्याने तो हक्क दिला आहे. ग्रामसभेत मागा.

पाय गेले, म्हणजे माणूस गेला नाही.

सांगा पाहू : आजीने पोरांना का थांबवले?