‘आय’ की ‘मी’? : इंग्रजी सर्वनामांची कर्तारूपे व कर्मरूपे

मराठीतून इंग्रजीकडे वळणाऱ्या मुलाला पहिला चकवा देतो तो एक अगदी घरचा ध्वनी. ‘मी’ म्हणजे करणारा, कर्ता, हे तो बोलू लागल्यापासून जाणतो. इंग्रजीत मात्र तोच ध्वनी ‘मला’ या अर्थाने येतो आणि करणाऱ्यासाठी ‘आय’ हा निराळा शब्द वापरावा लागतो. पाचवीतील मूल ‘मी गो’ म्हणते तेव्हा त्यात बुद्धीचा दोष नसतो, मायबोलीची सवय बोलत असते. पालकांनी एवढे ध्यानात ठेवून रागवावे किंवा रागवू नये.

मराठीत ‘रामाने सीतेला पाहिले’ आणि ‘सीतेला रामाने पाहिले’ यांचा अर्थ एकच, कारण कर्ता व कर्म प्रत्ययांवरून ओळखू येतात. इंग्रजी नामांना असे प्रत्यय आता उरलेले नाहीत. तेथे क्रियापदापूर्वी येणारा तो कर्ता व नंतर येणारे ते कर्म, असा जागेचा न्याय चालतो. सर्वनामांत मात्र जुन्या विभक्तींचे अवशेष टिकून आहेत : आय-मी, ही-हिम, शी-हर, वुई-अस, दे-देम आणि हू-हूम. ‘यू’ व ‘इट’ बदलत नाहीत. पूर्वी ‘ये’ हे अनेकवचनी कर्तारूप व ‘यू’ हे त्याचे कर्मरूप होते. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये हा भेद दिसतो. पुढे ‘यू’नेच दोन्ही जागा घेतल्या.

खरी अडचण जोड्या पाठ करण्यात नाही. आमच्या अनुभवात मुले जोड्या आठवड्याभरात म्हणून दाखवतात आणि निबंधात पुन्हा अडखळतात, याचे कारण मराठीतील ‘मला’. ‘मला भूक लागली’, ‘मला पोहता येते’, ‘मला गणित आवडते’, ‘मला बक्षीस मिळाले’ या सर्व वाक्यांत ‘मला’ आहे, तरी इंग्रजीत प्रत्येक ठिकाणी ‘आय’च हवे : आय अॅम हंग्री, आय कॅन स्विम, आय लाइक मॅथ्स, आय गॉट अ प्राइझ. ‘त्याला ताप आला’ याचेही तसेच. तेथे ‘हिम’ नव्हे, ‘ही’. म्हणून ‘मला म्हणजे मी’ हे वहीच्या समासातले समीकरण आम्ही मुलांना खोडायला लावतो. शब्दाला प्रतिशब्द न शोधता आधी इंग्रजी क्रियापद ठरवावे आणि मग ते कोणाविषयी सांगते, हे विचारावे. ‘सरांनी मला बोलावले’ यात बोलावणारे सर, म्हणून ‘सर कॉल्ड मी’. येथे दोन्ही भाषा एका वाटेने चालतात.

दोन व्यक्ती एकत्र आल्या की मोठ्यांचीही गफलत होते. ‘माय ब्रदर अँड मी वेंट’ हे परीक्षेत चुकीचे धरतात. भावाला क्षणभर बाजूला करावे. ‘मी वेंट’ कानाला खटकते, तेव्हा ‘माय ब्रदर अँड आय’. पण या चुकीसाठी एकदा बोलणी खाल्लेला विद्यार्थी पुढे ‘मी’लाच भिऊ लागतो आणि ‘बिट्वीन यू अँड आय’ लिहितो. (इंग्रजी मातृभाषा असलेलेही हे सर्रास बोलतात!) शब्दयोगी अव्ययाच्या कामी येणाऱ्या टू, फॉर, विथ, बिट्वीन यांच्यानंतर कर्मरूपच यावे : बिट्वीन यू अँड मी.

‘दॅन’ या शब्दापाशी थोडे थांबावे. ‘शी लाइक्स यू मोअर दॅन मी’ म्हणजे तिला माझ्यापेक्षा तू अधिक आवडतोस. ‘दॅन आय’ म्हटले तर मला तू जितका आवडतोस त्याहून तिला अधिक आवडतोस. एका शब्दाने सारा मामला बदलतो. मात्र ‘ही इज टॉलर दॅन मी’ यात असा घोटाळा होत नाही आणि सर्वत्र तसेच बोलतात. त्यासाठी गुण कापणे आम्हांस रास्त वाटत नाही. दारावर थाप मारून ‘इट इज मी’ म्हणणाऱ्यालाही ‘इट इज आय’चा आग्रह धरू नये.

‘हूम’ बोलण्यातून मागे पडत चालले आहे, तरी आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या परिचयाचे आहे. अनेक इंग्रजी दाखल्यांच्या माथ्यावर ‘टू हूम इट मे कन्सर्न’ असे छापलेले असते. त्यात ‘इट’ हा कर्ता आहे आणि ज्या कोणाशी त्याचा संबंध येईल तो ‘हूम’.